कार्बन फायबर जळाल्यावर: या चुका टाळा

आग विझल्याबरोबर झाडू मारायला घेणे, ही कार्बन फायबरच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक. त्याखालोखाल ब्लोअर आणि कॉम्प्रेसरची हवा. आग चालू असताना धुराला घाबरून माणसे लांब राहतात. धूर थांबला की सगळे जवळ येतात, आणि तंतू हवेत उडतात ते बहुतेक तेव्हाच.

कार्बन फायबरची वस्तू म्हणजे कंपोझिट: त्यात कार्बनचे तंतू इपॉक्सी रेझिनने एकमेकांना चिकटवलेले असतात. ३०० ते ४०० अंश सेल्सियसच्या आसपास रेझिन तुटू लागते आणि तिच्या वाफा पेट घेतात. तंतू मात्र तसाच राहतो. हवेत त्याची स्वतःची झीज ठळकपणे सुरू व्हायला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. त्यामुळे आग गेल्यावर उरते ती गोंद निघून गेलेल्या काळ्या कापडाची चळत. थोडासा कोळसा तिला जेमतेम धरून असतो. तंतूची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. पाय पडला, तुकडा ओढला, वारा सुटला की हे तंतू मोकळे होतात.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस नासाने या प्रश्नाचा मोठा अभ्यास केला. तेव्हा मुख्य भीती होती ती उडालेल्या तंतूंनी विजेची उपकरणे बंद पडण्याची. १९८०पर्यंत निष्कर्ष हाती आले: नुसत्या आगीत सुटे तंतू म्हणून बाहेर पडणारा भाग कार्बनच्या वजनाच्या साधारण १ टक्क्याच्या आत असतो, आगीला स्फोटाची जोड मिळाली की तो वाढतो, आणि सर्वसामान्य लोकांच्या वीज-उपकरणांना असलेला धोका फार कमी आहे. हे वाचून निर्धास्त होणारे दोन गोष्टी विसरतात. एक म्हणजे १ टक्का ऐकायला छोटा वाटतो. ७ मायक्रॉन जाडीच्या ३ मिलिमीटर तंतूचे वजन सुमारे ०.२ मायक्रोग्रॅम भरते. १०० किलो कार्बनमधून १ किलो सुटला तर असे सुमारे ५०० कोटी तंतू झाले. दुसरे म्हणजे त्या मोजणीत लक्ष होते ते उपकरणांना बाधणाऱ्या, मिलिमीटरहून लांब तंतूंवर. फुप्फुसाला बाधणारे तंतू त्याहून कितीतरी आखूड असतात.

काच की कार्बन, हे न बघताच काम सुरू करणे

जळलेल्या ढिगात काचेचे तंतू, कार्बन आणि केवलारसारखे ॲरामिड एकत्र सापडतात. पवनचक्कीच्या पात्यात बाहेर काच आणि आतल्या कण्यात कार्बन असू शकतो. काच जळत नाही. पांढरट कापडासारखी उरते आणि फार तापली तर वितळून तिचे गोळे होतात. ॲरामिड पिवळसर-तपकिरी, केसाळ होते. कार्बन काळाच राहतो, विणीची नक्षी स्पष्ट दिसते आणि तंतू स्प्रिंगसारखे ताठ उभे राहतात.

शंका असेल तर मल्टिमीटर ओहमवर लावा आणि दोन्ही प्रोब तंतूंच्या दिशेने एक-दोन सेंटिमीटर अंतरावर टेकवा. कार्बन असेल तर आकडा काही ओहम ते काही दहा ओहम येतो. काच असेल तर काहीच येत नाही. मात्र काजळीचा थर असला तर काचेवरही किलो-ओहममधला आकडा दिसू शकतो, म्हणून डोळ्यांनी केलेली ओळख आणि मीटर दोन्ही जुळले पाहिजेत. ही चाचणी करतानाही मुखपट्टी आणि हातमोजे हवेत.

मोडलेली सायकलची फ्रेम किंवा ड्रोनचा एक हात जळाला असेल तर पुढचे सगळे प्रकरण उभे करायची गरज नाही. पाण्याचा फवारा, चांगली मुखपट्टी आणि जाड पिशवी पुरते. खाली जे आहे ते विमान, मोटार, कार्बन गुंडाळलेला गॅस सिलिंडर किंवा कारखान्यातला साठा जळाला असेल तेव्हासाठी. सिलिंडरबाबत एकच सांगणे: आतला दाब शून्य झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका. बाहेरचे गुंडाळलेले कार्बन जळले की दाब सोसणारी ताकदच गेलेली असते.

ज्वाला गेल्या म्हणजे आग गेली असे धरणे

लॅमिनेटच्या, म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या थरांच्या, जाडीतून उष्णता फार हळू सरकते. वरचे थर काळे आणि थंड, आत मात्र निखारा, असे तासन्‌तास चालते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलेले जपान एअरलाइन्सचे एअरबस ए३५० कित्येक तास जळत होते. त्याच्या रचनेत वजनाने ५३ टक्के कंपोझिट होते. त्यातले ३७९ जण बाहेर पडले. धडक बसलेल्या दुसऱ्या विमानातले पाच जण गेले.

कंपोझिटचे तापमान १५० अंश सेल्सियसच्या खाली येईपर्यंत थंड करणे थांबवू नका. थर्मल कॅमेरा फक्त पृष्ठभाग दाखवतो. एकदा बघून सोडून दिले की फसगत होते. पाणी थांबवून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. थर सुटलेल्या फटींतून पुन्हा उष्णता वर येत असेल तर ती याच वेळी दिसते.

पाणी कसे मारता यावर बरेच अवलंबून आहे. जाड धारेचा जेट जळलेल्या लॅमिनेटवर मारला की तो थर उचकटतो आणि तंतू तोडून फेकतो. नोझल धुक्याच्या फवाऱ्यावर ठेवा आणि पाणी वरून पडू द्या. इंधनाची आग असेल तर फोम हवाच, आणि फोमचा थर तंतूंनाही थोडा वेळ धरून ठेवतो. कुऱ्हाड, हूक किंवा पहारीने कवच फोडून आतला निखारा शोधायची अग्निशमनातली नेहमीची सवय इथे आवरावी लागते. उघडायचेच असेल तर आधी भाग ओला करा, हायड्रॉलिक कात्रीने एकच काप घ्या आणि कापत असताना त्यावर फवारा चालू ठेवा. ग्राइंडर तर नकोच. त्याची चकती तंतूंची बारीक पूड करते आणि तीच श्वासात जाते.

वाहून जाणारे पाणीही बघा. तंतू त्याच्याबरोबर गटारात जातात, काठावर सुकतात आणि दोन दिवसांनी पुन्हा उडतात. उताराच्या बाजूला मातीचा बांध किंवा वाळूच्या गोण्या लावून पाणी अडवा.

चुकीची मुखपट्टी, चुकीच्या वेळी

धूर आहे तोवर बीए सेटशिवाय, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणाऱ्या श्वसनसंचाशिवाय, जवळ जाऊ नये. अमाइन हार्डनर (रेझिन घट्ट करणारे नायट्रोजनयुक्त रसायन) वापरलेल्या इपॉक्सीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो, आणि तो कोणत्याही साध्या फिल्टरला जुमानत नाही. बीए सेट काढायची घाई साधारण आग विझल्यावर पहिल्या तासात होते, आणि धुमसणे नेमके तेव्हाच चालू असते.

ताज्या, ७ मायक्रॉनच्या तंतूची जाडी जास्त असल्याने तो बहुधा नाकात आणि घशातच अडकतो. खाज, खोकला, डोळ्यांची आग एवढ्यावर प्रकरण थांबते. पण ज्वाळेत भरपूर हवा मिळाली की तंतू बाहेरून झिजतो, टोकदार होतो आणि ३ मायक्रॉनच्या आत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत खोल फुप्फुसात पोहोचू शकणारा तंतू म्हणजे ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि जाडीच्या किमान तिप्पट लांबीचा. जळलेल्या ढिगात असे तंतू सापडतात, शिवाय त्यांच्यावर धुरातली रसायने चिकटलेली असतात. जवळ ॲल्युमिनियम वितळलेले दिसले तर मिश्रधातूनुसार तिथे तापमान निदान ५०० ते ६६० अंशांपर्यंत गेले होते. तिथल्या तंतूंकडे जास्त संशयाने पाहा.

ढीग थंड झाल्यावर काम करणाऱ्याला पी१०० (सूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर आणि सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला हाफ-मास्क हवा. निव्वळ हलके काम, वाफांचा वास नाही आणि ढीग ओला असेल तर आयएस ९४७३ या भारतीय मानकाप्रमाणे एफएफपी३ दर्जाची मुखपट्टी चालेल. सर्जिकल मास्क किंवा ओला रुमाल यांचा उपयोग शून्य. दाढीवर घातलेल्या पी१००चीही तीच गत. कडेने हवा शिरते आणि महागडा फिल्टर शोभेला उरतो.

हातमोजे एकच, आणि अंगावर रोजचे कपडे

जळून मोडलेल्या लॅमिनेटच्या कडा सुईसारख्या असतात. त्यांची कुसळे पातळ रबरी हातमोज्यातून सहज आरपार जातात. आत नायट्राइल आणि वर चामड्याचे, अशी जोडी वापरा. बुटाचा पुढचा भाग आणि तळवा दोन्ही पोलादी पट्टीचे असावेत. ढिगावर चालताना इजा बहुतेक तळव्यालाच होते. चहूबाजूंनी बंद गॉगल लावा, उघड्या बाजूंचा चष्मा नको.

वरून टोपीसकट टाकाऊ आवरण घाला, बाह्या आणि पायांच्या कडा चिकटपट्टीने हातमोज्यांना, बुटांना चिकटवा. हे आवरण पॉलिथिलीनसारख्या प्लास्टिकचे असते, त्यामुळे धुमसणाऱ्या भागाजवळ ते घालू नका. तिथे अग्निशमनाचाच पोशाख. अपघातस्थळी मृतदेह किंवा जखमी असतील तर कुसळाने झालेल्या जखमेतून रक्तातला संसर्ग शिरू शकतो. अशी जखम लहान समजून सोडू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

अंगावर तंतू बसले तर चोळू नका. चोळल्याने ते कातडीत घुसतात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. घातलेले कपडे घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याची चूक फार होते. घरातल्या सगळ्यांना मग कपड्यांमुळे आठवडाभर खाज सुटते. आवरण उलटे गुंडाळत काढा, आतली बाजू बाहेर यायला हवी. मुखपट्टी सर्वांत शेवटी.

वारा न बघणे

स्थिर हवेत एकटा तंतू सेकंदाला साधारण २ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. १० मीटर उंचीवरून उडालेल्या तंतूला जमिनीवर यायला आठ मिनिटे लागतात. तेवढ्यात ३ मीटर प्रति सेकंदाचा वारा, म्हणजे झाडाची पाने हलवणारी झुळूक, त्याला दीड किलोमीटर नेते. बघ्यांना वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहू देण्यासारखी दुसरी मोठी चूक नाही. त्या बाजूच्या इमारतींच्या खिडक्या लावून घ्या आणि बाहेरची हवा आत ओढणारे एसी, एक्झॉस्ट आणि कूलर बंद करायला सांगा. बऱ्याच ठिकाणी खिडक्या लावतात आणि कूलर तसाच घरघरत ठेवतात.

अमेरिकी हवाई दलाच्या कार्यपद्धतीत जळलेल्या कंपोझिटपासून आतल्या नियंत्रित क्षेत्राचे अंतर किमान २५ फूट, म्हणजे साधारण ८ मीटर धरले आहे. त्या आत विनासाधन कोणीही नको. हेलिकॉप्टर आणि विमानांना ५०० फुटांपेक्षा खाली आणि आडव्या अंतराने १,००० फुटांच्या आत येऊ देत नाहीत. आता त्यात ड्रोनही धरा. मलब्याचे चित्रीकरण करायला वीस फुटांवर आणलेला ड्रोन तोच ढीग उसवतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत बोइंग ७८७-८ वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. निर्मात्यांच्या आकड्यांनुसार या विमानाच्या रचनेत वजनाने निम्मे कंपोझिट असते. असे विमान वस्तीत पडते तेव्हा नियंत्रित क्षेत्र कागदावरच राहू शकते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात दोरी लावणे आणि वाऱ्याची दिशा विचारणे ही दोनच कामे आधी हातात घ्यावीत.

तंतू बांधण्याचा फवारा: सगळ्यांत जास्त बिघडणारे काम

ढीग थंड झाल्यावर तो हलवण्याआधी तंतू जागच्या जागी चिकटवायचे. यासाठी पॉलिॲक्रिलिक आम्लाचे द्रावण किंवा फरशीचे ॲक्रिलिक पॉलिश वापरतात. पॉलिश एक भाग, पाणी आठ ते दहा भाग. १५ लिटरच्या पाठीवरच्या फवारणी पंपात साधारण दीड लिटर पॉलिश आणि साडेतेरा लिटर पाणी बसते. आधी पाणी भरा, मग पॉलिश हळूहळू ओता. उलट केले की नुसता फेस होतो आणि नोझलमधून थेंबांऐवजी बुडबुडे येतात.

शेतातला पंप चालतो, पण कीटकनाशकाचा वापरलेला असेल तर टाकी, नळी आणि नोझल आधी नीट धुवा. नाहीतर तंतूंबरोबर औषधही हवेत जाईल.

शंकूच्या आकाराचा बारीक फवारा लावा, दाब कमी ठेवा, नोझल साधारण एक मीटर लांब धरा आणि थेंब वरून खाली बसू द्या. जवळ धरून मारले की हवेचा झोत तंतूंना आधी उडवतो, मग ओले करतो. पहिला हात हलका. तो सुकला की दुसरा. ओथंबून वाहील इतके एकाच वेळी ओतणे व्यर्थ. द्रावण खाली निथळते आणि वरचे टोकदार तंतू तसेच उभे राहतात. सुकल्यावर काडीने हलकेच स्पर्श करून बघा. तंतू मोकळे हलत असतील तर आणखी एक हात हवा.

गरम भागावर मारलेले पॉलिश वाफ होऊन निघून जाते आणि त्या वाफेत आणखी धूर मिसळतो. आधी १५० अंशांच्या खाली, मगच फवारा. स्वस्त म्हणून डिझेल किंवा इंजिन ऑइल शिंपडणारेही असतात. तेलाचे सूक्ष्म थेंब श्वासात जातात, जमीन बिघडते आणि ढीग पुन्हा पेटण्याचा धोका वाढतो.

पावसाळ्यात पॉलिश सुकायच्या आधीच सर आली तर ते धुऊन जाते. पाऊस चालू आहे तोवर पाणीच तंतूंना धरून ठेवते, त्यामुळे घाई नको. वर ताडपत्री टाका, कडांवर गोण्या ठेवा आणि उघडीप मिळाली की फवारा. ताडपत्री ओढत नेऊ नका, दोघांनी उचलून अलगद ठेवा. मातीवर पडलेल्या तंतूंसाठीही हेच द्रावण चालते, फक्त माती ते शोषून घेते म्हणून थोडे जास्त लागते.

अपघाताची चौकशी व्हायची असेल तर फवाऱ्याआधी तपास अधिकाऱ्यांना विचारा. तुटलेल्या टोकांवर पॉलिशचा थर बसला की भाग आधी मोडला की आधी जळाला, हे सांगणे कठीण होते. ते येईपर्यंत साध्या पाण्याने ओले ठेवणे आणि झाकणे पुरेसे असते. काम संपल्यावर पंपातून साबणाचे पाणी काढा. पॉलिश नोझलमध्ये सुकले तर पुढच्या वेळी पंपच उघडत बसावे लागते.

व्हॅक्यूम आणि वीज

साधा व्हॅक्यूम क्लीनर पिशवीतून सुटलेले तंतू मागच्या बाजूने खोलीत परत फेकतो. शिवाय त्याच्या मोटरला तीच हवा थंड करते, आणि वीज वाहणारे तंतू कार्बन ब्रशपाशी जाऊन शॉर्ट करतात. हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरचा, मोटरची हवा वेगळी असलेला औद्योगिक व्हॅक्यूम घ्या. ज्या फरशीवर पाणी चालते तिथे ओल्या कापडाने पुसणे त्याहून बरे.

एका तंतूचा रोध दर मिलिमीटरला साधारण ४०० ओहम धरा. ५ मिलिमीटरचा तुकडा सुमारे २,००० ओहम. २३० व्होल्टवर त्यातून दहाव्या हिश्श्याएवढा अँपिअर वाहतो, २५ वॅटच्या आसपास उष्णता होते आणि तंतू क्षणात जळून जातो. कुठे एक ठिणगी, बाकी काही नाही. ५ व्होल्टच्या सर्किटवर तोच तंतू अडीच मिलिअँपिअर वाहून नेतो, जळतही नाही, आणि सिग्नल चुकीचा वाचला जातो. म्हणून एमसीबी ट्रिप झाला नाही याचा अर्थ पॅनेल साफ आहे असा घेणे चुकीचे. त्रास होतो तो सेन्सर, पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक) आणि सर्व्हरच्या बोर्डांना. तंतूंचा पुंजका उच्च दाबाच्या तारांवर पडला तर गोष्ट वेगळी. तिथे सलग ठिणगी (आर्क) पेटते आणि मग ती वीजपुरवठ्यावरच चालू राहते. १९९९ मध्ये नाटोने सर्बियाची वीज पाडली ती अशाच कार्बनच्या तारा वरून सोडून.

आगीजवळच्या खोलीतली उपकरणे चालू करण्याआधी पुरवठा तोडा, दारे उघडा, पंख्यांच्या जाळ्या आणि फिल्टर बघा, हेपा व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसा. कॉम्प्रेसरची हवा मारली की तंतू बोर्डाखालून कनेक्टरमध्ये जातात.

कारखान्यात मुद्दाम केलेले जाळणे

काही कंपोझिट शॉपमध्ये प्रीप्रेगची (आधीच रेझिन लावलेल्या कापडाची) कात्रणे आणि फसलेले भाग परसात ड्रममध्ये जाळले जातात. याला सुरक्षित करायचा कोणताही मार्ग नाही, बंद करा. न शिजलेले प्रीप्रेग ओव्हनमध्ये शिजवून घट्ट करता येते. मग ते निव्वळ कडक टाकाऊ भाग उरतो.

प्रयोगशाळेतली चूक जरा वेगळी. रेझिनचे प्रमाण मोजायला काचेच्या नमुन्यासाठीचे ५६५ अंशांचे मफल भट्टीचे वेळापत्रक कार्बनला लावतात. काच तशीच राहते, कार्बन मात्र हवेत झिजू लागतो. रेझिनचे प्रमाण खोटे जास्त येते, आणि बारीक झालेले तंतू भट्टीचे दार उघडल्यावर गरम हवेबरोबर चेहऱ्यावर येतात. नमुन्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतील, म्हणजे साधे घामाच्या बोटांचे ठसे असले तरी, झीज आणखी लवकर सुरू होते. एएसटीएम डी३१७१ या चाचणी-मानकात कार्बनसाठी आम्लात रेझिन विरघळवण्याची पद्धत आहे, ती वापरा. भट्टीच वापरायची असेल तर नायट्रोजनचा प्रवाह हवा, आणि ती पूर्ण थंड झाल्यावरच दार उघडा.

भाग बनवतानाच थोडी काळजी घेता येते. बाहेरच्या बाजूला काचेच्या कापडाचा एक थर घातला तर आग लागल्यावर तो जाळीसारखा वर राहतो आणि आतले तंतू बऱ्याच अंशी धरून ठेवतो.

शेवटी पिशवीत काय आणि कुठे

बांधलेले तुकडे मोडून छोटे करू नका. मोठे तुकडे ताडपत्रीत गुंडाळा; छोटे १५० मायक्रॉनच्या पिशवीत, वर दुसरी तशीच पिशवी. मधली हवा दाबून काढताना तोंड चेहऱ्याकडे नको. बाहेर ठळक मराठीत लिहा: जळलेले कार्बन फायबर, उघडू नका. भंगारवाल्याला देऊ नका. तो ते ॲल्युमिनियम सुटे करायला पुन्हा जाळतो.

घातक कचऱ्यात गणना होते की नाही हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी घ्या. २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे विल्हेवाटीच्या सोयी आहेत. तिथे देताना कचरा कार्बन फायबरचा आहे हे आवर्जून सांगा आणि सुरक्षित भूभरावाची, म्हणजे जमिनीत बंदिस्त पुरण्याची, मागणी करा. न सांगता भस्मक भट्टीत गेला तर अर्धवट जळलेले तंतू धुरातून पुढे जातात आणि चिमणीआधीच्या विद्युत धूळ-गाळणीच्या पत्र्यांमध्ये शॉर्ट करून ती बंद पाडतात.